झडप आणि तिची बैठक : रस्त्याबाहेर धावणाऱ्या जलद एंजिनांतील धातूंचा प्रश्न

बोरीवली स्थानकाच्या दक्षिणेस पहिलेच स्थानक कांदिवलीचे. 1963 मध्ये स्थापन झालेल्या इंटरनॅशनल ट्रॅक्टर कंपनी ऑफ इंडिया ह्या संस्थेने तेथे बी-275 ह्या जातीचे ट्रॅक्टर तयार करण्यास प्रारंभ केला, आणि 1977 मध्ये ही संस्था महिंद्र अँड महिंद्र कंपनीत विलीन झाली. त्याच्याही पूर्वी, 1940 नंतरच्या दशकाच्या अखेरीस, महिंद्र कंपनीने मुंबईत विलीज जीपगाड्यांची जुळणी सुरू केलेली होती. अशा रीतीने डांबरी रस्ता सोडून शेतात, डोंगरात व खडकाळ वाटेवर चालणाऱ्या एंजिनांची ओळख मुंबईच्या ह्या उत्तर उपनगरांना फार जुनी आहे. त्या एंजिनांच्या झडपा उतरविणे, त्यांवर कार्बोरंडमची घासणी लावून त्या बैठकीशी जुळविणे, आणि केरोसीन ओतून गळती पाहणे हे काम येथील कारागिरांच्या अंगवळणी पडलेले आहे.

गेल्या पंचवीस वर्षांत रस्त्याबाहेरच्या वाहनांचा एक निराळाच वर्ग पुढे आला आहे. जानेवारी 2024 मध्ये पुण्याच्या बालेवाडी क्रीडासंकुलात मातीचे उंचवटे रचून जी सुपरक्रॉस शर्यत झाली, तीत धावलेल्या मोटारसायकली ह्या वर्गातील होत. ह्या यंत्राचे एंजिन उघडणाऱ्या कारागिराने ट्रॅक्टरवर शिकलेली घासणी तशीच वापरली, तर नवी झडप पहिल्याच दिवशी निकामी होण्याच्या मार्गास लागते. कारागिराचे कौशल्य येथे उणे नसते. त्याच्या हातातील धातू बदललेला असतो, आणि धातूबरोबर दुरुस्तीची रीतही बदलावी लागते, ही गोष्ट अद्याप पुरेशी प्रसृत झालेली नाही. झडप कोणत्या धातूची असावी ह्या प्रश्नाचा विचार पाठ्यपुस्तकांत बहुधा एकट्या झडपेपुरता केलेला असतो. वस्तुतः झडप आणि बैठक ही एक जोडी आहे, आणि जोडीतील एकाचा गुण दुसऱ्याच्या गुणावाचून ठरविता येत नाही.

प्रथम दोन्ही एंजिनांतील अंतर पाहावे. बी-275 ट्रॅक्टरचे चार सिलिंडरांचे डीझेल एंजिन सुमारे 2.36 लिटर आकारमानाचे व सुमारे 35 अश्वशक्तीचे. म्हणजे दर लिटरमागे 15 अश्वशक्ती. त्याचा भुजादंड मिनिटाला दोन हजारांच्या आसपास फेरे घेतो. शर्यतीच्या मोटारसायकलीचे एकच सिलिंडर असलेले 450 घन सेंमी.चे एंजिन पन्नासाहून अधिक अश्वशक्ती देते व मिनिटाला अकरा हजारांच्या घरात फेरे घेते. 250 घन सेंमी.चे एंजिन तर त्याहूनही बरेच वर जाते. लिटरमागे शंभराहून अधिक अश्वशक्ती मिळविणारे हे यंत्र किलोमीटरांनी मोजले जात नाही, तासांनी मोजले जाते. ट्रॅक्टरचे एंजिन न उघडता हजारो तास चालावे अशी अपेक्षा असते. ह्या एंजिनाच्या झडपांची मोकळीक काही मोजक्या तासांनी तपासावी लागते.

झडपेवर येणारा भार तीन प्रकारचा आहे : दाबाचा, उष्णतेचा आणि जडत्वाचा. ज्वलनाच्या क्षणी सिलिंडरातील दाब दर चौरस सेंटिमीटरला 80 किलोग्रॅम-भार धरला, तर 40 मिमी. व्यासाच्या प्रवेश झडपेच्या मस्तकावर सुमारे एक टन भार येतो. हा सर्व भार जेमतेम एक मिलिमीटर रुंदीच्या तिरप्या वलयाकार पट्टीवर पेलला जातो. पट्टीचा कोन 45 अंश धरून हिशेब केला, तर स्पर्शदाब चौरस सेंटिमीटरला हजार किलोग्रॅम-भाराच्या घरात जातो. ह्या दाबाखाली झडपेचे मस्तक किंचित वाकते, आणि वाकताना तिचा काठ बैठकीवर काही सूक्ष्ममीटर सरकतो. आदळणे आणि सरकणे ह्या दोन क्रिया मिळूनच बैठक झिजते. नुसत्या आदळण्याने होणारी झीज त्यामानाने थोडी.

उष्णतेचा हिशेब ह्याहून महत्त्वाचा आहे. निकास झडपेचे मस्तक पेट्रोल एंजिनात 700° ते 800° से.पर्यंत तापते, प्रवेश झडप येणाऱ्या ताज्या मिश्रणाने थंड राहत असल्याने बरीच कमी तापते. झडपेत शिरलेल्या उष्णतेपैकी सुमारे तीन चतुर्थांश उष्णता बैठकीच्या वाटेने सिलिंडर हेडमध्ये जाते व उरलेली दांड्यामधून मार्गिकेत उतरते. तेव्हा बैठक हे केवळ झाकण टेकण्याचे ठिकाण नसून झडपेची उष्णता बाहेर जाण्याचे ते मुख्य दार आहे. हे दार झडप मिटलेली असेपर्यंतच उघडे असते, हा त्यातील विरोधाभास होय. बैठक अरुंद ठेवली तर स्पर्शदाब वाढून वायू चांगला अडतो, परंतु उष्णतेची वाट आखूडते. रुंद ठेवली तर वाट वाढते, पण काजळीचा कण मध्ये अडकून राहण्याची भीती वाढते. ट्रॅक्टरच्या एंजिनात बैठक पुष्कळ रुंद ठेवता येते. शर्यतीच्या एंजिनात ती सवड नाही.

जडत्वाचा भार वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो, आणि येथेच दोन एंजिनांतील अंतर डोळ्यांत भरते. झडप 9 मिमी. उचलली जाते, ती भुजादंडाच्या 280 अंशांइतका काळ उघडी असते, आणि तिची गती साध्या कोज्या वक्राने होते असे मानले, तर मिनिटाला 11,000 फेऱ्यांच्या वेगास उघडण्यापासून मिटण्यापर्यंत अवघे 0.0042 सेकंद मिळतात. ह्या अवधीतील कमाल प्रवेग गुरुत्व-प्रवेगाच्या सुमारे हजार पटी येतो. दुसऱ्या शब्दांत, झडपेत असलेल्या प्रत्येक 10 ग्रॅम वस्तुमानाला ताब्यात ठेवण्यासाठी स्प्रिंगेला 10 किलोग्रॅम-भार लावावा लागतो. प्रत्यक्ष कॅमचा वक्र ह्याहून गुंतागुंतीचा असतो, तथापि परिमाणाची कल्पना येण्यास हा हिशेब पुरेसा आहे. तीच उचल आणि तोच काळ धरून मिनिटाला 2,000 फेऱ्यांस प्रवेग काढला, तर तो ह्याच्या तिसाव्या हिश्श्याइतका भरतो. ट्रॅक्टरची झडप जड असली तरी कोणाचे काही बिघडत नाही, ह्याचे कारण हेच होय. अकरा हजारांच्या वेगास मात्र स्प्रिंग कमी पडली की झडप कॅमचा पाठलाग सोडते, तरंगू लागते, आणि वेळेवर न मिटता दट्ट्याच्या मार्गात सापडते.

पोलादाच्या झडपांचा इतिहास ह्या तीन भारांशी हळूहळू केलेल्या तडजोडीचा इतिहास आहे. सुमारे 0.45 टक्के कार्बन, 8 ते 9 टक्के क्रोमियम व 3 टक्के सिलिकॉन असलेले जे पोलाद सिलक्रोम ह्या नावाने ओळखले जाते, ते मार्टेन्साइटी जातीचे आहे. ते पाणी दिल्याने कठीण होते, त्याचा दांडा चांगला टिकतो, आणि प्रवेश झडपेस ते आजही वापरतात. पण निकास झडपेच्या तापमानास त्याची ताकद उतरते. तेथे 21-4 एन हे ऑस्टेनाइटी पोलाद वापरतात. त्याच्या नावातच घटक सांगितले आहेत : 21 टक्के क्रोमियम, 4 टक्के निकेल आणि नायट्रोजन. शिवाय सुमारे 9 टक्के मँगॅनीज असते, पण नावात त्यास जागा मिळालेली नाही. हे पोलाद तांबडेलाल तापले तरी ताकद धरून ठेवते. पण पाणी देऊन ते कठीण करता येत नाही, म्हणून त्याच्या दांड्याचे टोक लवकर झिजते. ह्यावर काढलेला तोडगा व्यवहारी आहे. मस्तक ऑस्टेनाइटी पोलादाचे, दांडा मार्टेन्साइटी पोलादाचा, आणि दोहोंचा सांधा एकमेकांवर वेगाने फिरवून घर्षणाच्या उष्णतेने जोडलेला.

ह्यापलीकडे जाण्याचे मार्गही जुनेच आहेत. एल्वुड हेन्स ह्या अमेरिकी धातुशास्त्रज्ञाने 1907 मध्ये कोबाल्ट-क्रोमियम मिश्रधातूंचे एकस्व मिळविले. त्याच कुळातील स्टेलाइट झडपेच्या टेकणाऱ्या काठावर वितळवून चढविले, म्हणजे तप्त अवस्थेतही काठाची कठिनता राहते. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात जेट एंजिनांसाठी ब्रिटनमध्ये निमोनिक ही निकेलची मिश्रधातू तयार झाली. ती पुढे अतिभाराच्या निकास झडपांत आली. सॅम हेरन ह्या अभियंत्याने 1920 नंतरच्या दशकात विमानाच्या एंजिनांसाठी पोकळ दांड्यात सोडियम भरण्याची युक्ती रूढ केली. सोडियम सुमारे 98° से.ला वितळतो व झडपेच्या हालचालीबरोबर दांड्यात वरखाली हिंदकळून मस्तकाची उष्णता दांड्याकडे वाहून नेतो. विमानाच्या जाड दांड्यात हे सोपे होते. मोटारसायकलीच्या झडपेचा दांडा पाच-सहा मिलिमीटरांचा असल्याने त्यात उपयोगी पडेल एवढी पोकळी कोरणे अवघड पडते.

टायटॅनियमचे आकर्षण ह्या पार्श्वभूमीवर कळते. झडपेच्या पोलादाची घनता 7.7 च्या आसपास, तर टायटॅनियमच्या मिश्रधातूंची सुमारे 4.5. त्याच आकाराची झडप चाळीस टक्के हलकी होते. वरील हिशेबाप्रमाणे 45 ग्रॅमची पोलादी झडप काढून 27 ग्रॅमची टायटॅनियमची बसविली, तर स्प्रिंगेवरील भार 18 किलोग्रॅमने उतरतो. स्प्रिंग नरम चालते, कॅमवरील घर्षण कमी होते, आणि एंजिन आणखी वेगाने फिरू शकते. टोयोटा कंपनीने 1998 मध्ये अल्टेझा ह्या मोटारीच्या एंजिनात चूर्ण धातुविज्ञानाच्या पद्धतीने बनविलेल्या टायटॅनियमच्या झडपा मोठ्या प्रमाणावरील उत्पादनात आणल्या. निकास झडपेत टायटॅनियम बोराइडाचे कण मिसळून तप्त ताकद वाढविली होती. मातीवरच्या शर्यतीच्या मोटारसायकलींत 2000 च्या सुमारास हा धातू आला. 2002 च्या होंडा सीआरएफ 450 आर ह्या यंत्रात प्रवेश झडपा टायटॅनियमच्या आणि निकास झडपा पोलादाच्या होत्या. ही वाटणी अभ्यसनीय आहे. प्रवेश झडप आकाराने मोठी, म्हणून वजनाचा लाभ तेथे जास्त. निकास झडप लहान पण तप्त, म्हणून टायटॅनियमचा धोका तेथे जास्त.

हा धोका दोन प्रकारचा आहे. सहा टक्के ॲल्युमिनियम व चार टक्के व्हॅनेडियम असलेली नेहमीची टायटॅनियम मिश्रधातू 400° से.च्या पुढे झपाट्याने दुर्बल होते. कथिल, झिर्कोनियम व मॉलिब्डेनम घातलेली जात 500° से.च्या काहीशी पलीकडे टिकते. पण त्याहून तापल्यास पृष्ठभागात ऑक्सिजन मुरून एक ठिसूळ थर तयार होतो व त्यातून तडे आत शिरतात. दुसरा दोष उष्णतावहनाचा. खोलीच्या तापमानास ह्या धातूची उष्णतावाहकता दर मीटर-केल्व्हिनला सुमारे 7 वॅट आहे. 21-4 एन पोलादाची ह्याच्या दुप्पट. म्हणजे ज्या झडपेला थंड राहण्याची निकड अधिक, तीच उष्णता बाहेर जाऊ देण्यास नाखूश. मस्तकाच्या काठापर्यंत कशीबशी पोचलेली उष्णता बैठकीने तरी तत्परतेने उचलावी, अशी अपेक्षा येथे उत्पन्न होते, आणि प्रश्न झडपेवरून बैठकीकडे वळतो.

जुन्या एंजिनांत स्वतंत्र बैठक नसे. ओतीव लोखंडाच्या ठोकळ्यातच ती कापलेली असे, आणि आतल्या ग्रॅफाइटमुळे ती बऱ्यापैकी चाले. सिलिंडर हेड ॲल्युमिनियमचे झाल्यावर मात्र मऊ धातूत कठीण वलय दाबून बसविणे अपरिहार्य झाले. हे वलय जागेवर कशाने राहते? केवळ आकसून. हेड तापवून आणि वलय थंड करून ते एकदा बसविले की भोकापेक्षा सुमारे एक दशांश मिलिमीटरने मोठे असलेले वलय आवळले जाते. पण ॲल्युमिनियम लोखंडाच्या जवळजवळ दुप्पट प्रसरण पावतो. 40 मिमी. व्यासाचे लोखंडी वलय आणि हेड ही दोन्ही 20° पासून 200° से.पर्यंत तापली, तर भोक 0.16 मिमी.ने वाढते आणि वलय 0.09 मिमी.ने, एक दशांशाच्या आवळणीतील सात शतांश निघून जाते. तांब्याच्या मिश्रधातूचे वलय त्याच तापमानास 0.13 मिमी.ने वाढते, आणि आवळणीतील केवळ तीन शतांश गमावते. प्रत्यक्षात वलय हेडपेक्षा अधिक तापते, म्हणून आवळणी ह्याहून अधिक उरते. परंतु अतिशय तापलेले वलय भोकात चेपून कायमचे आकुंचन पावण्याचा संभव असतो, आणि एंजिन थंड झाल्यावर ते सैल पडते. हेडमधून निसटलेली बैठक एंजिनाचे जे करते, ते वर्णन करण्याचे कारण नाही.

बैठक झिजते कशी, ह्याचा एक धडा मुंबईच्या रस्त्यांनीच दिलेला आहे. पेट्रोलमध्ये शिसे असे तेव्हा त्याच्या ज्वलनातून उत्पन्न झालेली शिशाची संयुगे बैठकीवर पातळ थर देऊन घन वंगणाचे काम करीत. हे काम कोणी नेमून दिलेले नव्हते. शिसे घातले होते ते ठोका टाळण्यासाठी. मुंबईसह चार महानगरांत 1995 मध्ये शिसेविरहित पेट्रोल मिळू लागले आणि फेब्रुवारी 2000 पासून देशभर शिसेयुक्त पेट्रोल बंद झाले. हवेच्या दृष्टीने ते अत्यंत इष्ट होते, पण त्याबरोबर मऊ बैठकींचे अनपेक्षित वंगणही गेले. नंतर टॅक्सी व रिक्षा नैसर्गिक वायूवर आल्या. वायू कोरडा जळतो, काजळी थोडी, द्रव इंधनाचा थेंबही नाही. तेव्हा धातू धातूला उघडाच भिडतो, चिकटतो आणि ओरखडला जातो. ह्यावर आज मान्य झालेला उपाय म्हणजे चूर्णापासून दाबून व भाजून केलेले लोहजातीय वलय. त्यात कोबाल्ट-मॉलिब्डेनमसारख्या संयुगांचे कठीण कण पेरलेले असतात, मँगॅनीज सल्फाइडासारखे घन वंगण मिसळलेले असते, आणि छिद्रांत कधी वितळलेले तांबे भरून उष्णतावहन वाढविलेले असते. शिशाने जे नकळत दिले ते ह्या वलयात हेतुपुरस्सर घातलेले आहे.

असे भाजलेले वलय पोलादी झडपेस उत्तम. लेप दिलेल्या टायटॅनियमच्या झडपेसही कारखाने ते वापरतात. तथापि शर्यतीसाठी एंजिन फिरून बांधणारे पुष्कळ जण टायटॅनियमच्या झडपेखाली तांबे-बेरिलियम मिश्रधातूचे वलय पसंत करतात. दोन टक्क्यांच्या आत बेरिलियम असलेल्या ह्या धातूची उष्णतावाहकता शंभराहून अधिक वॅट असते, म्हणजे झडपेच्या धातूच्या पंधरा पटी. बेरिलियम आणखी कमी असलेल्या जातीत ती दोनशेच्या घरात जाते. योग्य संस्करणानंतर कठिनता पोलादाशी स्पर्धा करते, आणि टायटॅनियमशी तिचा स्पर्श सौम्य असतो. मर्यादा एकच, पण मोठी : ही कठिनता सुमारे 315° से.च्या संस्करणाने येते, आणि बैठक दीर्घकाळ त्याहून अधिक तापत राहिली तर धातू पुन्हा नरम पडतो. प्रवेश बाजूस ही भीती थोडी. निकास बाजूस हेडची थंडावणी चांगली असेल तरच हा धातू घ्यावा. बेरिलियम मुंबईला परका नाही. भाभा अणुसंशोधन केंद्राचा बेरिलियमवर प्रक्रिया करणारा प्रकल्प खाडीपलीकडे वाशीलाच आहे.

एवढ्या तयारीनंतर एंजिन जेथे चालावयाचे त्या भूमीकडे पाहिले पाहिजे. बोरीवलीच्या पूर्वेस कान्हेरीचा डोंगर आहे. तेथपासून सह्याद्रीपलीकडे पुण्याच्या पठारापर्यंत बहुतेक सर्वत्र बेसॉल्ट आहे, आणि कोकणाच्या दक्षिण भागात त्यावर जांभा. बेसॉल्टाच्या धुळीतील प्रमुख खनिजे फेल्डस्पार व पायरॉक्सीन. क्वार्ट्झच्या वाळूइतकी ती कठीण नव्हेत, म्हणून ही धूळ निरुपद्रवी असा समज होण्याचा संभव आहे. परंतु फेल्डस्पारची कठिनता टायटॅनियम मिश्रधातूच्या जवळजवळ दुप्पट आहे. तेल लावलेल्या फोमच्या गाळणीतून निसटलेला कण प्रवेश झडपेवर आदळतो, काठ आणि बैठक ह्यांच्यामध्ये सापडतो, आणि सेकंदाला नव्वद वेळा चिरडला जातो. उघडे टायटॅनियम ह्यापुढे टिकत नाही. एरव्हीही ते दुसऱ्या धातूवर सरकले की चिकटून ओरखडले जाते. म्हणून त्यावर क्रोमियम नायट्राइड किंवा हिरकसदृश कार्बनाचा लेप देतात, किंवा पृष्ठभाग ऑक्सिडीकरणाने कठीण करतात. हे कवच काही सूक्ष्ममीटर जाडीचेच असते. ते शाबूत आहे तोवर झडप पोलादीहून सरस. ते एका जागी फाटले की आतील धातू भराभर झिजून काठावर खळगी पडते.

आरंभी उल्लेखिलेली घासणी अपायकारक का ठरते, हे आता उघड आहे. कार्बोरंडमच्या लेईतील कण लेपाच्या जाडीच्या कित्येक पट मोठे असतात. ट्रॅक्टरच्या झडपेवर त्यांनी करड्या रंगाचा जो एकसारखा पट्टा उमटतो, तो चांगल्या कामाची खूण. टायटॅनियमच्या झडपेवर तोच पट्टा म्हणजे लेप गेल्याची खूण. घासणीसाठी वापरलेली टायटॅनियमची झडप पुन्हा एंजिनात बसवू नये, असे काही कारखान्यांच्या दुरुस्तीपुस्तिकांत स्पष्ट बजावलेले आहे. येथे जुळणी झडपेवर न करता बैठकीवर करावयाची असते. अचूक कोनाच्या हत्याराने बैठक कापावी, मार्गिका झिजलेली असल्यास ती आधी बदलावी, कारण हत्याराचे केंद्र तीच ठरविते. आणि निळा रंग लावून स्पर्शाचा पट्टा सलग उमटतो किंवा नाही एवढेच पाहावे. गळती पाहण्याची केरोसीनची जुनी रीत मात्र येथेही तितकीच उपयोगी आहे.

नवी झडप जुन्या, झिजलेल्या बैठकीवर बसविणे हा खर्च वाचविण्याचा मार्ग वाटतो, पण अरुंद व वेड्यावाकड्या स्पर्शामुळे लेप थोड्याच तासांत फाटतो आणि झडपेची किंमत फुकट जाते. झीज किती झाली हे मोकळिकीवरून कळते. कॅम आणि झडप ह्यांच्यामधील मोकळीक प्रवेश बाजूस बहुधा 0.10 ते 0.15 मिमी. असते. झडप बैठकीत खोल गेली की दांडा तेवढाच वर येतो व मोकळीक कमी होते. म्हणजे एक दशांश मिलिमीटर झीज झाली की ती संपली. त्यानंतर झडप पूर्ण मिटत नाही, उष्णतेचे दार बंद होते आणि काठ जळू लागतो. पहिले लक्षण अगदी साधे : थंड एंजिन सुरू होण्यास त्रास देते. पातळ शिम घालून मोकळीक एकदा सावरता येते. तीच झडप थोड्या तासांनी पुन्हा शिम मागू लागली, तर कवच फाटलेले आहे असे समजावे. तिसरी शिम घालणे म्हणजे दांडा तुटून मस्तक दट्ट्यावर पडण्याची वाट पाहणे.

हौशी चालकास ही यातायात परवडत नाही, आणि तो टायटॅनियम काढून पोलादाच्या झडपा घालू पाहतो. धूळ, लांब पल्ला आणि मध्यम वेग ह्यांसाठी हा निर्णय समंजस आहे, परंतु तो अर्धवट अंमलात आणला जातो. झडप बदलते आणि स्प्रिंग तीच राहते. वर दाखविल्याप्रमाणे 18 ग्रॅमची वाढ म्हणजे कमाल वेगास 18 किलोग्रॅमचा अधिक भार. नरम स्प्रिंग तो पेलत नाही. पोलादाबरोबर ताठ स्प्रिंग घ्यावी, अथवा वेगाची मर्यादा खाली आणावी; हे दोन्ही न करणे धोक्याचे. उलट दिशेचा मोहही तितकाच घातक : रस्त्यावर चालणाऱ्या यंत्रात, त्याच्या मूळ भाजलेल्या बैठकींवर, लेपाची प्रत न पाहता टायटॅनियमच्या झडपा बसविणे.

शेवटी बैठक कापणाऱ्या माणसाचा विचार राहतो, आणि प्रस्तुत विषयावरील लिखाणात तोच बहुधा सुटून जातो. तांबे-बेरिलियमची बैठक दिसण्यात पितळेसारखी किंवा तांबूस असते. ॲल्युमिनियम-ब्राँझहून नुसत्या डोळ्यांनी ती निवडता येत नाही. बसविलेल्या स्थितीत ती निरुपद्रवी आहे. पण सहाणेच्या दगडाने ती घासली, म्हणजे हवेत जी बारीक धूळ उडते ती फुप्फुसांत जाऊन बेरिलिओसिस हा बरा न होणारा विकार जडू शकतो, आणि तो कित्येक वर्षांनी प्रकट होतो. अमेरिकेत 2017 मध्ये कामाच्या ठिकाणच्या हवेतील बेरिलियमची अनुज्ञेय मर्यादा घनमीटरला 2 मायक्रोग्रॅमवरून 0.2 मायक्रोग्रॅमवर आणण्यात आली, ह्यावरून त्याच्या विषारीपणाची कल्पना यावी. वाशीच्या प्रकल्पासारख्या ठिकाणी बंदिस्त यंत्रे व हवा खेचणारी व्यवस्था असते. उपनगरातील दहा फुटी गाळ्यात ती असणार नाही. तेथे अशी बैठक कापावयाचीच झाली तर कोरडा दगड न वापरता धारेच्या हत्याराने, तेल सोडून, संथ गतीने कापावी. कीस संकुचित हवेने न उडविता ओल्या फडक्याने टिपावा, आणि तो वेगळ्या डब्यात ठेवावा. त्याहून बरे म्हणजे बेरिलियमविरहित वलय मागविणे. तांबे-निकेल-सिलिकॉन व ॲल्युमिनियम-ब्राँझ ह्या मिश्रधातूंची वलये उपलब्ध आहेत. उष्णतावहनात त्यांपैकी पहिली तांबे-बेरिलियमच्या नेहमीच्या जातीशी बरोबरी करते, दुसरी उणी पडते, पण लोखंडाहून सरस राहते. कोणतेही वलय बसविल्यावर त्याच्या धातूचे नाव, व्यास, आवळणी आणि घातलेल्या शिमेची जाडी एंजिनाच्या नोंदवहीत लिहून ठेवावी, म्हणजे पुढच्या खेपेस हेड उघडणाऱ्या कारागिरास हाती काय आहे ते हत्यार लावण्यापूर्वी कळेल.